हाल्को कशावर चालणार

शनिवार, २ मे

तळ्याकाठचं घर उघडलं. उंदरांनी एक उशी संपवली आहे. बाकी ठीक.

यंत्र चालू आहे. सगळा हिवाळा चालू होतं. पडद्यावर तळ्याचं आणि सौनाचं, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीचं, तापमान आणि खाली माझ्यासाठीची नेहमीची ओळ: पाणी ५. सौना ४. ऐला, घाई करू नकोस.

या उन्हाळ्यात प्लॅटफॉर्म ठरवायचा. जुहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या सणाच्या, होळीच्या आत. पक्कं.

पुढे गोंधळ नको म्हणून एकदा सरळ लिहून ठेवते. माझ्या नवऱ्याने, तौनोने, हाल्को नावाची प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. हाल्को म्हणजे फोडलेलं सरपण. त्याचं म्हणणं, बाकीच्या भाषा अख्खा ओंडका उचलायला लावतात, याच्यात लहान लहान फाळ्या आहेत. भाषा झाली तरी ती चालायला खाली काहीतरी लागतं, चूल असल्याशिवाय सरपण नुसतं पडून राहतं. त्या खालच्या गोष्टीला प्लॅटफॉर्म म्हणतात. तौनोने स्वतःच एक रचला, पण कागद कारखान्याने मोडीत काढलेल्या या एका यंत्रापुरता. दुसरीकडे कुठे हाल्को चालत नाही. आणि यंत्र आता खोकतं.

दर वसंतात तौनो म्हणायचा, यंदा प्लॅटफॉर्म ठरवतो. तो गेल्याला दोन हिवाळे झाले. त्याच्याच्याने ठरलं नाही, माझ्याच्याने ठरेल. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर तीनशे पोरांचं जेवण ठरवलं आहे.

यात माझं मन वगैरे गुंतलेलं नाही. तांत्रिक प्रश्न आहे.

मंगळवार, ५ मे

तांपेरेच्या लायब्ररीतून चार पुस्तकं आणली. बाईंनी विचारलं, नातवासाठी का? म्हटलं, नाही, माझ्यासाठी. मग त्यांनी पाचवंही दिलं.

जावा भाषेचं यंत्र चांगलं वाटतं. खरं यंत्र नाही, प्रोग्रामच आहे, पण यंत्रासारखा वागतो आणि कुठल्याही यंत्रावर बसतो. शिवाय त्यात वापरून झालेला कचरा आपोआप उचलणारा असतो. तौनोकडे असलं काही नव्हतं. मी होते.

जावा. ठरलं.

बुधवार, १३ मे

सातुचा फोन. माझी मुलगी बँकेत कॉम्प्युटरचंच काम करते, त्यामुळे तिला वाटतं तिला कळतं.

ती म्हणाली, आई, हल्ली सगळं ब्राउझरमध्ये चालतं. फोनवर चालतं, फ्रिजवर चालतं, वेगळं काही बसवायला नको. आहे त्या पायावर बांध आणि मोकळी हो.

रात्री विचार केला. पटलं. ब्राउझर.

गुरुवार, १४ मे

सातुच्या ब्राउझरमध्ये चाळीसएक खिडक्या उघड्या असतात. मी पाहिल्या आहेत. तौनोने त्यातली एकेचाळिसावी खिडकी व्हायचं? आणि मग ती कधीतरी चपला शोधताना चुकून बंद करणार.

ब्राउझर नको.

रविवार, २४ मे

सातु येऊन गेली. खिडक्या पुसल्या, मी बनवलेलं मटाराचं सूप खाल्लं, मग यंत्रापुढे बराच वेळ उभी राहिली. वाकून पडद्यावरची धूळ बाहीने पुसली.

तिने विचारलं, "आई, जगात हाल्को वापरणारे एकूण किती?"

मी म्हटलं, दोन. यंत्र आणि मी.

ती हसली नाही. म्हणाली, मग सगळ्या जगात चालेल असा पाया कशाला शोधतेस? तिला सांगितलं की भाषेचा विचार लांबचा करावा लागतो, असं पाचही पुस्तकांत आहे. खरं तर तिसऱ्या पुस्तकात नाही, पण ते मी अजून अर्धंच वाचलंय.

'ऐला, घाई करू नकोस' या ओळीबद्दल मात्र तिने नको ते बोलून दाखवलं. म्हणाली, तुला त्या ओळीसाठी हे सगळं हवंय. मी म्हटलं, ती तांत्रिक ओळ आहे. आणि आहेच. मी नेहमी सौना अर्धवट तापलेली असतानाच आत जाऊन बसायचे. मग तौनो यायचा आणि कुरकुरायचा की दार उघडून सगळी ऊब घालवलीस. म्हणून त्याने अट घातली: सौना ऐंशीच्या खाली असेल तोवर ओळ दाखव, ऐंशी झाली की काढ. साधी अट आहे. दोन फाळ्यांची.

शुक्रवार, २९ मे

एकटीने ठरवण्यात अर्थ नाही. मोठमोठ्या भाषांची समिती असते. हाल्कोची समिती म्हणजे इल्पो आणि ओस्मो. दोघं तौनोबरोबर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. इल्पोचं म्हणणं सगळं जावावर चालवावं. ओस्मोचं म्हणणं काय आहे ते अजून कोणाला कळलेलं नाही.

नुसत्या बैठकीला दोघं येणार नाहीत. म्हणून तल्कूत ठेवलं. तल्कूत म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. आपण बोलवायचं, त्यांनी फुकट राबायचं, शेवटी सौना आणि पोटभर जेवण. लाकूड रचायला, छप्पर घालायला ठेवतात, तसं मी प्लॅटफॉर्म ठरवायला ठेवलं. आमंत्रणात स्पष्ट लिहिलं: शनिवारी तल्कूत, काम हाल्कोच्या प्लॅटफॉर्मचं.

वेलदोड्याचे पाव दोन ताटं.

शनिवार, ६ जून

इल्पो आणि ओस्मो नऊ वाजता आले. हातमोजे घालून. इल्पोने करवत आणली होती.

मी म्हटलं, कॉम्प्युटर? इल्पो म्हणाला, आहे गाडीत. मग दोघं तळ्याकडे बघत उभे राहिले. तळ्यातल्या लाकडी धक्क्याचा एक कोपरा पाण्यात गेलाय, बर्फाने उचलून टाकला होता. ओस्मोने तो पायाने दाबून पाहिला.

दुपारपर्यंत दोघं कमरेइतक्या पाण्यात. दोनदा काठावर जाऊन विषय काढला. इल्पो म्हणाला, "ऐला, खिळे दे." दुसऱ्यांदा म्हणाला, कॉफी दे.

सातु पण आली होती. ती म्हणाली, आई, तल्कूत म्हणून बोलवलंस आणि समोर मोडका धक्का. दुसरं काय होणार होतं?

संध्याकाळी आधी पुरुष सौनात गेले, आम्ही नंतर. आम्हा दोघींना पायरीवर बसून आत नुसतं पाणी दगडावर पडल्याचं ऐकू येत होतं. मग बोलणं ऐकू आलं. ओस्मोचंसुद्धा. ओस्मो चक्क सलग बोलत होता. मी सातुला म्हटलं, ठरतंय बघ.

लाल होऊन बाहेर आले. नव्या धक्क्यावरून पाण्यात गेले, वर आले, सॉसेज खाल्ले. मी वाट बघितली. इल्पो म्हणाला, धक्का दहा वर्षं बघायला नको. ओस्मोने मान हलवली.

निघताना मी सरळ विचारलं, म्हणजे जावा धरून चालू का? दोघं गप्प राहिले. कोणी विरोध केला नाही.

समितीने जावा सर्वानुमते मंजूर केला.

शनिवार, २० जून

जुहान्नुस. पावसात होळी पेटेना. शेजाऱ्यांनी रॉकेल ओतलं, मग पेटली, मग सगळे घरी गेले. नवे बटाटे, हेरिंग मासे.

प्लॅटफॉर्मची मुदत आज संपली. पण निर्णय तर झालेला आहे, फक्त काम सुरू व्हायचंय. मुदत पाळली असंच धरते.

पाणी १५. सौना ६२. ऐला, घाई करू नकोस. केली नाही. बसून राहिले ओळ जाईपर्यंत.

बुधवार, १५ जुलै

पाच आठवडे झाले तरी समितीकडून हालचाल नाही. इल्पोला फोन केला. आधी तो स्ट्रॉबेरीबद्दल बोलला. मी म्हटलं, जावाचं काय झालं? तो म्हणाला, कुठल्या जावाचं?

मग खोदून विचारलं. त्याच्या मागे रेडिओवर हवामान चालू होतं, किनारपट्टीवरच्या एकेका ठिकाणचा वारा सांगत होते. निम्मा किनारा झाल्यावर बोलला. सौनात ठरलं होतं. ओस्मोने मांडलं आणि त्याला पटलं. दोघांना वाटलं, दुसऱ्याने मला सांगितलं असेल.

काय ठरलं होतं, मी विचारलं.

"ऐला, नवा प्लॅटफॉर्म म्हणजे तापमापकाच्या तारा तौनोच्या यंत्रातून काढून दुसरीकडे जोडायच्या. ते यंत्र तौनोने कधी बंद केलं नव्हतं. ओस्मो म्हणाला, ते आपणहून थांबेपर्यंत कोणी हात लावू नये. ते बंद केलेलं तुला चालणार नाही, असं आम्हाला वाटलं."

मी त्याला धन्यवाद दिले आणि फोन ठेवला.

मला चालणार नाही म्हणे. दोन महिने पुस्तकं मी वाचली आणि निर्णय दोन उघडे पुरुष वाफेत बसून घेतात. तेही माझ्यावर दया करून. त्यांना वाटतं मी पडद्यापुढे बसून रडते. मी पडद्यापुढे बसून विणते.

गुरुवार, १६ जुलै

रागाने झोप आली नाही. त्यामुळे तिसरं पुस्तक संपलं.

इल्पोला कळवलं: समिती बरखास्त. मी जावा निवडला आहे. एक ऑगस्टला कॉम्प्युटर घेऊन यावं. करवत आणू नये.

शनिवार, १ ऑगस्ट

इल्पो आला. एकटाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने तौनोच्या भाषेखाली जावाचं यंत्र बसवून आणलं होतं. म्हणजे माझ्या रागाचा उपयोग झाला.

त्याने आपला कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. तौनोचा मजकूर सातुने मागेच एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता, तो भरला. मग तारांपाशी गेला आणि माझ्याकडे वळून बघितलं. दोन तारा. एक तळ्यात जाते, एक सौनाच्या दगडांत.

म्हणाला, तुझं यंत्र आधी नीट बंद करावं लागेल, तशाच तारा ओढल्या तर जळेल.

मी म्हटलं, कर.

म्हणाला, तू करतेस का?

म्हटलं, इल्पो, तो तांत्रिक भाग आहे. तो तुझा.

आणि कपबशा धुवायला गेले. मागून यंत्राचा पंखा थांबल्याचं कळलं. इतकी वर्षं तो आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं. फ्रिजसारखा.

परत आले तर नव्या पडद्यावर ठसठशीत अक्षरात: पाणी २०. सौना २४. ऐला, घाई करू नकोस. अक्षरं जुन्यापेक्षा सुबक. इल्पो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, छान. अक्षर थोडं लहान कर.

झालं. हाल्को आजपासून जावावर. कुठल्याही यंत्रावर चालेल. तौनोला जमलं नाही ते एका दुपारी झालं. मी सातुला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आणि जुनं? मी म्हटलं, विश्रांती.

रविवार, २ ऑगस्ट

सकाळी पडदा इंग्रजीने भरलेला. खाली, वर, सगळीकडे तीच ओळ शेकडो वेळा, आणि प्रोग्राम बंद.

इल्पो रात्री तंबूत झोपला होता. तो येऊन बराच वेळ केस ओढत बसला. मग समजावलं. तौनोचा प्रोग्राम कधी संपत नाही. एक मापन झालं की शेवटी स्वतःलाच हाक मारतो, पुन्हा मोजतो, पुन्हा हाक मारतो. तौनोच्या यंत्रात आधीचं काम पुसून पुढची हाक जायची. जावाचं यंत्र तसं करत नाही. ते प्रत्येक हाक लक्षात ठेवतं, उत्तर येईल म्हणून. उत्तर तर यायचंच नसतं. हाकांवर हाका साठत जातात आणि पहाटे जागा संपते.

मला लगेच कळलं. भांडी घासणारी आजारी पडली की शाळेत असंच व्हायचं. ताटावर ताट, ताटावर ताट, मग एका पोराने शेवटचं ठेवलं की सगळं खाली.

म्हटलं, मग सुधार.

तो म्हणाला, होईल, पण भाषेचं आतडंच उलटं करावं लागेल, हिवाळा जाईल. तोवर तारा परत तौनोच्या यंत्राला लावू.

लावल्या. बटण दाबलं. यंत्राने एकदा खोकल्यासारखं केलं. मग आत काहीतरी खर्रकन् घासलं. मग नाही.

पुन्हा दाबलं. इल्पोने उघडलं, फुंकर मारली, पुन्हा मिटलं, दाबलं.

तो म्हणाला, आतली मजकूर साठवायची जुनी तबकडी. फिरत होती तोवर फिरत होती. एकदा थांबली की तिला पुन्हा सुरू व्हायचं बळ राहत नाही.

मी त्याला नाश्ता दिला. तो खात नव्हता. म्हटलं, इल्पो, खा, निर्णय माझा होता. तेव्हा खाल्लं.

शनिवार, ८ ऑगस्ट

परिस्थितीचा शांतपणे आढावा.

भाषा आहे. मजकूर पेनड्राइव्हवर, तीन ठिकाणी. एकही शब्द हरवलेला नाही. फक्त ती चालवायला खाली काही नाही. म्हणजे प्लॅटफॉर्म निवडायला ही सगळ्यात योग्य वेळ आहे. आता कोणाला जपायचं नाही, काही बंद करायचं नाही. अडचणच संपली.

सौना तापवली नाही. गरम होतं दिवसभर.

बुधवार, १९ ऑगस्ट

सातु म्हणते, ती रजा टाकून येते. म्हटलं, कशाला, काही झालेलं नाही. एक यंत्र बंद पडलं.

ती म्हणाली, "आई, बाबांचं यंत्र बंद पडलं म्हणून मी काल ऑफिसच्या संडासात रडले. तुला काही झालेलं नसेल तर नसेल."

तिला सांगितलं की लिंगनबेरीची फळं यंदा लवकर येणार.

शनिवार, २९ ऑगस्ट

ओस्मो आला. न कळवता. खिशातून काडेपेटीएवढी पट्टी काढली आणि म्हणाला, बोर्ड आहे. मग तारा जोडल्या. भिंतीवर एक छोटा आकडे दाखवणारा पडदा खिळ्याने ठोकला. दुसऱ्याच कुठल्याशा साध्या भाषेत त्याने एका संध्याकाळी हे लिहिलं होतं. ना हाल्को, ना जावा.

पाणी १७. सौना ७०. पुढे काही नाही. सौना मीच सकाळी पेटवली होती, तो येणार हे माहीत नसताना. सरपण जास्त होतं म्हणून.

मी पडद्याकडे बघत राहिले. ओस्मो टोपी हातात फिरवत होता. तो माझ्याशी आयुष्यात जेवढं बोलला असेल त्याच्या निम्मं तो आज बोलला.

"ती ओळ मी घातली नाही. घालता येते. पण माझ्याकडून ती बरी दिसली नसती. तू म्हणशील तर घालतो."

मी म्हटलं, नको. ती हाल्कोमधली ओळ आहे. हाल्कोचा प्लॅटफॉर्म ठरला की ती तिच्या जागी येईल. ही तुझी पट्टी तोवर आकड्यांपुरती ठीक.

तो म्हणाला, बरं.

मग सौनात गेला, बाहेर आला, धक्क्यावर बसला. वेलदोड्याचा पाव घेऊन गेले तर म्हणाला, धक्का चांगला झालाय. मी म्हटलं, हो. दोघं बसलो. ओस्मोबरोबर बसणं बरं असतं. पलीकडच्या काठावर कोणीतरी नाव बांधत होतं, साखळीचा आवाज पाण्यावरून येत होता.

शनिवार, १२ सप्टेंबर

सहावं पुस्तक आणलं. यात स्वतःचं यंत्र पहिल्यापासून रचायला शिकवलंय. कोणाच्या पायावर नको, स्वतःचंच. हे मला आधी सुचायला हवं होतं. हिवाळ्यात रोज दहा पानं. वसंतापर्यंत हाल्को स्वतःच्या पायावर.

पहिली दहा पानं वाचली. परत वाचली.

रविवार, १३ सप्टेंबर

रोज पाच पानं.

शनिवार, ३ ऑक्टोबर

घर बंद करायचा दिवस. धक्क्याचा पहिला भाग काढून काठावर ओढला, बर्फाने न्यायला नको. पाण्याचा पंप रिकामा. उशा पत्र्याच्या डब्यात, उंदरांनी आता डबा खाऊन दाखवावा.

तौनोचं यंत्र सातुच्या गाडीत ठेवायचं होतं, पण मी म्हटलं राहू दे, जागा अडवत नाही. कपड्याने झाकलं. सहावं पुस्तक त्याच्यावर ठेवलं. लायब्ररीचं आहे हे नंतर आठवलं, परत उचललं.

सातु पुढे गेली. मी शेवटची सौना करून सकाळच्या बसने येते म्हणाले.

सरपण पेटवलं. टॉवेल घेतला. ओस्मोच्या पट्टीने पाणी ९ दाखवलं, सौनाचा आकडा मी बघितला नाही. बाहेर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून आत गेले.

दगडावर पाणी ओतलं. चर्र झालं नाही. पाणी दगडांवरून घरंगळलं आणि खाली चुलीच्या पत्र्यावर टपटपलं. फळी गार होती. टॉवेल गुंडाळून वरच्या पायरीवर बसले. दार मीच उघडलं होतं, त्यामुळे होती ती ऊबही गेली.

कोणी कुरकुरलं नाही.

बाहेर येऊन कोट घातला आणि परत आत जाऊन बसले. तापायला अजून तासभर लागेल.